वेशीवरचे बळीराममामा

"थांबा जरा पाटील, वेशीपर्यंत आलेत," बळीराममामा म्हणाले, आणि पाइप घ्यायला आलेला शेतकरी दचकून मागे रस्त्याकडे पाहू लागला. रस्त्यावर एक ऑटो होता आणि दोन शेळ्या.

मामांची नजर काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर होती. तिथं हिरव्या माळावरून एक वाकडीतिकडी वाट गेली होती, वाटेनं लाल डोळ्यांची गोलमटोल भुतं चालली होती आणि वाटेच्या शेवटी एक वेस होती. भुतं वेशीत शिरली की आपण हरलो. ती शिरू नयेत म्हणून वाटेच्या कडेला बुरूज बांधायचे, बुरूज आपोआप बाण सोडतात, काही आग फेकतात, काही भुतांची चाल नुसती मंद करतात. एवढाच तो खेळ.

शेवटचं भूत पडलं तेव्हा मामांनी चष्मा वर केला. "हं, आता बोला. किती इंची पायजे?"

मामा आमचे शेजारी. हिंगोलीत त्यांच्या घराला आमचं घर लागून आहे. मूळचे साखऱ्याचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. पण तरुणपणीच इकडे पाइप आणि मोटारींच्या दुकानात सेल्समन म्हणून लागले ते तिथंच राहिले. मूलबाळ नाही. गल्लीतल्या झाडून सगळ्यांचे ते मामा.

त्यांची विकायची पद्धत जगावेगळी. वस्तूची खोट ते गुणाच्या आधी सांगत. "मोटार चांगली हाय, पन लई आवाज करती. म्हशी बिचकल्या तर मला बोलू नका." मालक कपाळाला हात लावायचा. गिऱ्हाईक मात्र मामा जेवायला गेले असतील तर ते परत येईपर्यंत बाकावर बसून राहायचं.

हा खेळ त्यांना एका पावसाळ्यात, गिऱ्हाईक नसताना सापडला. मग जो न्याय मोटारीला तोच खेळाला. मी शाळेत मास्तर; शाळा सुटल्यावर घरी जाताना दुकानात डोकावायचो, तेव्हा मला तो निकाल ऐकावाच लागे.

"सर, याचे गुन बी हायेत. नेटवरच हाय, काई उतरवून घ्यावं लागत न्हाई, फुकट हाय, आन आपल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर बी चालतंय. दोन गिऱ्हाइकाच्या मधी एक डाव बराबर बसतो. शिकवाया कुनी लागत न्हाई."

"मग खोट काय?"

"खोट इचारू नका. मधीच जाहिरात येती, गोरं व्हायच्या क्रीमची. या वयात गोरं होऊन मी काय करू? दुसरं, वळनावर एक आगीचा बुरूज लावला की बाकीचे नुसते शोभेला. अन् पडद्यावरची खिडकी बंद केली की समदं गेलं, पुन्हा पहिल्यापासून."

म्हणून जेवायला जाताना ते कॉम्प्युटरवर पुठ्ठा टेकवून ठेवत: 'बंद करू नये. आत लढाई चालू आहे.'

त्यांचा सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच होता. "भुतं निसती रस्त्यानं येऊन राह्यलीत. लांडगा कधी सडकेनं आलेला पाह्यला का तुमी? आमचा बाप रानात रातभर जागायचा, त्याला लांडगा कुठनं येनार ते म्हाईत असतं तर झोपला नसता का?"

आमच्या पोरीचं, अश्विनीचं, लग्न मार्गशीर्षात ठरलं, तेव्हा मला जेवणाचीच काळजी होती. आमच्याकडे अक्षता पडल्या रे पडल्या की सगळा मांडव एकदम ताटांकडे धावतो. म्हाताऱ्यांना धक्के बसतात, लेकरांच्या अंगावर वरण सांडतं, आणि वर्षभर त्याचीच चर्चा होते. हे मी मामांजवळ बोललो.

मामांनी माऊसवरचा हात काढला. मग म्हणाले, "तुमची वाट सरळ हाय, हीच तकलीफ हाय. मला द्या हे काम."

लग्नाच्या दिवशी मंडपवाल्याला हाताशी धरून त्यांनी कनाती लावल्या आणि मांडवापासून ताटांपर्यंतच्या वाटेला तीन वळणं दिली. पहिल्या वळणावर खुर्ची टाकून आमचे दिगंबरकाका बसवले. काकांना कुणाचंही नातं काढल्याशिवाय पुढे सोडता येत नाही. "कोन्त्या गावचे? मग तुमी वसमतच्या नारायनरावाचे कोन?" प्रत्येक माणूस तिथं आपोआप थबकायचा.

"हा आपला हळू करनारा बुरूज," मामा माझ्या कानाशी म्हणाले.

दुसऱ्या वळणावर अश्विनीच्या मैत्रिणी फोटो काढायला उभ्या होत्या. तिसऱ्यावर मठ्ठ्याचं पिंप, म्हणजे ज्याला राहवत नाही त्याच्या हातात आधी पेला. आणि खरंच, माणसं धावत निघायची आणि ताटांपाशी पोचेपर्यंत हसत, गप्पा मारत, पाच-सहाच्या घोळक्यानं पोचायची. कुणाला धक्का नाही. मामा कनातीच्या टोकाला स्टुलावर उभं राहून नजर ठेवत होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर फेटा.

घोटाळा झाला तो आमच्या व्याह्यांमुळे. ते वाटेला लागले आणि काकांनी त्यांच्या मामाच्या सासुरवाडीपर्यंत नातं काढलं. व्याह्यांना गहिवरून आलं. त्यांनीही खुर्ची मागवली आणि दोघं वळणावरच बसले. मागं अख्खं वऱ्हाड अडकलं. जावयाचा मित्र भुकेनं व्याकूळ होऊन मठ्ठा इकडेच आणा म्हणू लागला.

मामा स्टुलावरून उतरले. "बुरूज लईच चालला," एवढंच बोलले. गर्दीतून वाट काढत काकांजवळ गेले आणि वाकून म्हणाले, "काका, नवरदेव-नवरी तुमच्या पाया पडाया थांबलेत. तुमच्याबिगर जेवनार न्हाईत म्हनतात."

काका ताडकन उठले, मागोमाग व्याहीही. वाट मोकळी झाली. इकडे मी धावत जाऊन अश्विनीला सांगितलं, "काकांच्या पाया पड, आणि ते जेवायला बसेपर्यंत तुझा उपास आहे असं समज."

आमच्या नात्यात इतकं शांत जेवण पूर्वी झालं नव्हतं. व्याही निघताना मामांचा हात हातात घेऊन म्हणाले, "धाकट्याच्या लग्नाला तुमीच पायजे."

आठवड्याभरानं पेढे घेऊन मी दुकानात गेलो. मामांचा नवा डाव सुरू होत होता. आजवर मी येता-जाताच पाहिलेलं. त्या दिवशी स्टूल ओढून पहिल्यापासून बघत बसलो. मामांनी सगळ्यात आधी बुरूज बांधला तो वेशीच्या आत, वाटेपासून इतका लांब, की त्याचा बाण वाटेपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

"मामा, हा वाया गेला."

"व्हय. याचा काई उपेग न्हाई."

"मग काहून लावता?"

"असू द्या. वेशीत कुनीतरी असावं."

भुतांची पहिली रांग आली, पडली. दुसरी आली. पडद्यावरची नजर न काढता मामा म्हणाले, "तुमची मामी दारात बसायची न्हाई का, मेथी निवडत. मी दुकानातून यायच्या टायमाला. लई बोलनारी नव्हती ती. 'आलात?' म्हनायची, आन चहा ठेवाया आत जायची." आणखी एक बुरूज लावून म्हणाले, "आता कुलूप काढावं लागतंय."

मामी जाऊन दोन वर्षं झाली होती. मी पेढ्यांचा पुडा काउंटरवर ठेवला आणि डाव संपेपर्यंत बसून राहिलो.

घरी येऊन हे मी माझ्या बायकोला, मीराला, सांगितलं. ती हं म्हणाली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा गल्लीत वळले, तेव्हा मीरा आमच्या ओट्यावर, मामांच्या दाराच्या अंगाला, मेथीची जुडी घेऊन बसली होती. मामांची चाल मंदावली.

"काय ताई, आज भायेर?"

"आत उकडतंय," मीरा म्हणाली. पौषातली थंडी होती, तिनं डोक्यावरून शाल घेतली होती. "आलात?"

मामांनी हातात काढलेली किल्ली पुन्हा खिशात टाकली.

"व्हय," ते म्हणाले. "आलो."

मीरानं मेथी त्यांच्यापुढे सरकवली आणि चहा ठेवायला आत गेली. मामा ओट्याच्या कडेला टेकले आणि एकेक काडी घेऊन पानं खुडू लागले.