सलूनमधला सरळ चंद्र

सरांचा एक गाल गुळगुळीत झाला होता आणि दुसऱ्यावर अजून फेस होता, तेव्हा ते आरशात बघत म्हणाले, "मामा, मागच्या भिंतीवर तो चंद्र कुणी काढलाय?"

मामांचा वस्तरा हवेतच थांबला. टॉवेलची खुंटी आणि दरांचा फलक यांच्यामध्ये ते चित्र टांगल्यापासून मामा याच प्रश्नाची वाट बघत होते. आजवर एका गिऱ्हाइकाने भिंतीला ओल आली का म्हणून चौकशी केली होती. पलीकडच्या औषधवाल्याला ती क्रीमची जाहिरात वाटली होती. "हा लावायच्या आधीचा चेहरा ना? मग नंतरचा कुठाय?" असं त्याने विचारलं होतं. औषधवाल्याचे केस दाट आणि कुरळे होते आणि त्यांचा त्याला फार अभिमान होता. आरशात त्यांच्यापलीकडे त्याची नजर सहसा जात नसे.

"मीच काढलाय," मामा शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले. "वरच्या गच्चीवरून, दुर्बिणीतून बघून."

सर निवृत्त भूगोलशिक्षक होते आणि गावातल्या आकाशप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी आरशात डोळे बारीक केले. "वाढता अर्धा चंद्र. उजवीकडून उजेड. तो काळा डाग अगदी जागच्या जागी. खालच्या विवरातून निघालेल्या पांढऱ्या रेघा. मामा, या रेघा कशाने काढल्या?"

"पावडरीने. दाढीनंतर लावतो तीच. ब्रशने हलका हात फिरवायचा." आणि मग मामांचा बांध फुटला. काळा कागद कुठून आणला, सावल्या सरकायच्या आत हात कसा चालवावा लागतो, मध्येच ढग आला की जीव कसा कासावीस होतो, सगळं त्यांनी सांगितलं. चंद्राच्या विषयात मामांना एक खोड होती. तोंड चालू लागलं की हातही चालू राहत असे. सांगून संपलं तेव्हा सरांचा एक कल्ला कानाच्या वरच्या टोकाशी जाऊन पोचला होता. सरांचं लक्ष चंद्राकडे होतं, आणि मामांनी ते तिकडेच राहू दिलं.

"रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन आहे," सर उठता उठता म्हणाले. "हे चित्र तिथे लागलं पाहिजे."

मामा त्या दिवशी जेवताना दोनदा हसले. मामींनी विचारलं, "काय झालं?" मामांनी सांगितलं.

मामींना या छंदाबद्दल फारसा आदर नव्हता. मुलीने पहिल्या पगारातून ती दुर्बीण आणून दिल्यापासून मामा संध्याकाळी, गळ्यात टॉवेल बांधलेलं गिऱ्हाईक खाली बसवून, "आलोच" म्हणून गच्चीवर जात. ते परत येईपर्यंत गिऱ्हाइकाला चहा देऊन थोपवून धरायचं काम मामींकडे होतं.

"जन्मभर केस कापले," त्या म्हणाल्या, "आणि नाद लागला तो टकल्याचा."

पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच आपल्या भावाला फोन केला, भावजयीला सहकुटुंब यायला सांगितलं, आणि जिन्यात भेटेल त्याला "आमच्या ह्यांचं चित्र लागतंय" असं, तक्रार केल्याच्या सुरात, ऐकवलं. मामांनी प्रत्येक दाढीबरोबर एक आमंत्रण दिलं. रविवार उजाडेपर्यंत अख्ख्या गल्लीला पाच वाजता हॉलमध्ये यायचं होतं.

चारच्या सुमारास चित्र हॉलच्या भिंतीवर चढलं. खाली मामांच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'वाढता अर्धा चंद्र, संध्याकाळ.' सर आले, चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि नाक टेकेल इतके चित्राजवळ गेले. मामांना वाटलं, सर भारावले.

"मामा, हा उलटा आहे."

मामांनी मान वाकडी केली. "उलटा कसा? रेघांचं विवर खालीच आहे की."

"खाली-वर बरोबर आहे. डावं-उजवं चुकलंय. वाढत्या चंद्राला उजेड उजवीकडून हवा. इथे डावीकडून आहे."

"पण सलूनमध्ये तुम्हीच म्हणालात, उजवीकडून."

"सलूनमध्ये मी आरशात बघितला," सर म्हणाले, आणि आपण काय म्हणालो ते ऐकून स्वतःच चमकले.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. मामांच्या दुर्बिणीला, मान न मोडता बघता यावं म्हणून, डोळ्यापाशी एक तिरका आरसा होता. त्यात डावं ते उजवं दिसतं. जाणकार लोक ते ध्यानात ठेवून डावं-उजवं बदलून चित्र काढतात.

"तुम्ही तपासलं नाही का काढल्यावर?"

"तपासलं ना. खाली आणून आरशासमोर धरलं. मी कुठलंही काम आरशातच तपासतो. आकाशातल्या चंद्राशी हुबेहूब जुळलं."

सरांनी कपाळाला हात लावला. वाचनालयाच्या ग्रंथपालबाई मदतीला आल्या. "चिठ्ठी बदलू या. उतरता चंद्र म्हणू."

"उतरता चंद्र संध्याकाळी दिसत नाही. आणि डागांचं काय? ते पलीकडच्या गालावर गेलेत."

"मग चित्रच खालचं वर करा."

करून बघितलं. उजेड उजवीकडे आला, पण रेघांचं विवर डोक्यावर गेलं. चंद्र शीर्षासन केल्यासारखा दिसू लागला. पुन्हा सरळ केलं. उजेड पुन्हा डावीकडे गेला. सर हळू आवाजात म्हणाले, "मामा, वाईट वाटून घेऊ नका. पण मंडळाच्या नावाखाली चुकीचा चंद्र मला लावता येणार नाही. पुढच्या वर्षी बघू."

मामांनी दाराकडे पाहिलं. अजून पाच वाजायचे होते, पण मामींचे भाऊ आणि भावजय येऊन बाहेर पायरीवर बसले होते. भावजयीने नवी साडी नेसली होती. मामांनी खुंटीवरून चित्र काढायला हात वर केला आणि तो तिथेच राहिला.

मामी इतका वेळ बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं काय त्यात? आपला आरसा आणा आणि समोर लावा. आरशात बघा म्हणावं."

सर काहीतरी बोलणार होते. त्यांनी भूगोलाच्या बाजूने विचार केला, मग मामांच्या चेहऱ्याच्या बाजूने केला, आणि म्हणाले, "शास्त्राला तशी हरकत नाही."

सलूनचा आरसा भिंतीवरून निघाला. पुढे मामा, मागे मेहुणे, असा तो रस्त्याने निघाला. त्यात गल्लीतली घरं, तारा आणि येणारेजाणारे हलत डुलत जाऊ लागले आणि लोक त्यामागोमाग हॉलपर्यंत आले. आरसा चित्रासमोर लागला. चंद्र सरळ झाला.

पहिला मान सरांचा. ते आरशासमोर उभे राहिले, हात मागे बांधून, अध्यक्षाच्या थाटात. मग हळूच एक हात पुढे आला आणि कानाकडे गेला.

"मामा," ते म्हणाले, "हा कल्ला असाच होता का?"

"चंद्र बघा सर," मामा म्हणाले. "मागे आहे."

त्या संध्याकाळी एवढी गर्दी दुसऱ्या कुठल्याच चित्रापुढे नव्हती. रांग दारापर्यंत गेली होती. मामा कोपऱ्यात उभे राहून बघत होते. माणूस आरशासमोर येई, किंचित वाके, केसांवरून हात फिरवी, मानेमागचं वाढलंय का ते चाचपी, एखादा दातही बघून घेई, आणि समाधानाने पुढे सरके. भावजयीने पदर सारखा केला आणि "छानच आहे हो" म्हणाली. कशाबद्दल, ते मामांनी विचारलं नाही.

"मंडळाच्या इतिहासातला सर्वांत लोकप्रिय चंद्र," सरांनी समारोपात जाहीर केलं, आणि आरसा आठवडाभर तिथेच ठेवायची विनंती केली. टाळ्यांमध्ये मामांना नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सलूनपुढे कधी नव्हे एवढी गिऱ्हाइकं उभी होती. काल सगळ्यांनी आपले केस नीट बघितले होते. फक्त आता सलूनमध्ये आरसा नव्हता. तो होता तिथे एक फिकट चौकोन होता आणि गिऱ्हाइकं त्याच्याकडे टक लावून बसत. मामांनी तोडगा काढला. काम झालं की ते टॉवेल झटकत आणि म्हणत, "हॉलमध्ये जाऊन बघून या." गिऱ्हाईक जाई, बघे आणि परत येऊन म्हणे, "मागून अजून थोडे." ग्रंथपालबाई सांगत होत्या की प्रदर्शनाला सोमवारी एवढे लोक कधीच आले नव्हते.

चंद्राबद्दल मात्र कुणीही अक्षर काढलं नाही. दुपारपर्यंत मामांनीही आशा सोडली.

संध्याकाळी औषधवाला हॉलमधून आपले केस बघून आला आणि खुर्चीत बसला. "केस झकास. कानापाशी नावाला फिरवा कात्री, बस." मग तो जरा थांबला. "मामा, एक विचारू? आरशात मागे तो चंद्र दिसतो ना, त्याच्या खालच्या विवरातून त्या पांढऱ्या रेघा कसल्या निघाल्यात?"

मामांनी कात्री खाली ठेवली. मग पुन्हा उचलली.

"नीट बसा," ते म्हणाले. "सांगतो."

त्यांनी आधी रेघांचं सांगितलं. मग विवरांचं सांगितलं. मग सावल्या कशा सरकतात ते, आणि चंद्रकोरीपासून पूर्ण चंद्रापर्यंत रोज थोडा थोडा उजेड कसा वाढत जातो ते, काही न गाळता. औषधवाला हुंकार देत समोरच्या फिकट चौकोनाकडे बघत ऐकत होता. मामी चहा घेऊन दारात आल्या, खुर्चीकडे बघितलं, आणि चहा तसाच घेऊन परत गेल्या.

पूर्ण चंद्र झाला तेव्हा मामा भानावर आले. त्यांनी खुर्चीभोवती फरशीवर पडलेल्या कुरळ्या ढिगावर नजर टाकली. मग टॉवेल झटकला, आणि सवयीने, अतिशय हलक्या हाताने, थोडी पावडर लावली.

"हॉलमध्ये जाऊन बघून या," ते म्हणाले. "सावकाश जा. घाई अजिबात नाही."