समोरच्याच्या घड्याळात पंधरा सेकंद

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मी. त्याबद्दल आई-वडिलांच्या पाठोपाठ ज्यांचं नाव घेतो ते म्हणजे भोकरदनचे सांडूअण्णा. अण्णा मोबाईलवर बुद्धिबळ खेळतात. त्यात नवल काही नाही. नवल हे, की समोरच्याची वेळ संपत आली की अण्णा त्याला वेळ वाढवून देतात.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या खेळात दोघांच्या नावाजवळ एकेक घड्याळ असतं. आपली चाल आली की आपलं घड्याळ उलटं पळू लागतं. ते शून्यावर गेलं की पटावर कितीही भारी डाव असो, आपण हरलो. पण समोरच्याच्या घड्याळाला लागून एक बारीकसं अधिकचं चिन्ह असतं. ते दाबलं की त्याला पंधरा सेकंद जास्त मिळतात. कित्येक जण वर्षानुवर्षं खेळतात आणि त्यांना ते चिन्ह दिसतही नाही. अण्णांचं बोट मात्र तिथंच मुक्कामाला असतं.

"हारणं बराबर," अण्णा म्हणतात, "पण घड्याळानं हारणं बिलकुल बराबर न्हाई. मी मात देतो, मंग जाय."

आणि हे कोण म्हणतं? ज्यांनी उभी नोकरी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली ते. खिडकीत बसून गाड्या वेळेवर सोडायच्या, हे त्यांचं काम. एखादा ड्रायव्हर कप हातात घेऊन रेंगाळला की माईकवरून नावानिशी हाक जायची, "जाधव, च्या मंग पी. जालना गाडी तुझी वाट पाहून राह्यली." सगळं स्थानक हसायचं, जाधव सोडून.

अशा माणसानं एकदा गाडी थांबवली, ती माझ्यासाठी. माझा शेवटच्या वर्षाचा पेपर जालन्याला होता आणि आमच्या पिंपळगाव रेणुकाईहून निघालेली गाडी वाटेत पंक्चर झाली. भोकरदनला दुधाच्या टेम्पोतून उतरून मी पळत सुटलो तेव्हा जालना गाडी स्थानकाबाहेर पडत होती. माईक कडाडला, "जालना गाडी थांबवा. पोरगं पळून राह्यलं." कंडक्टरनं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "लेट माझ्या नावावर लिव्ह," अण्णा म्हणाले, "आधी त्याला घे."

तोवर आमची ओळखसुद्धा नव्हती. निकालाचे पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, "कोणत्या गाडीचा तू?"

तेव्हापासून जाणं-येणं आहे. ते निवृत्त झाल्यावर हा खेळ त्यांच्या मोबाईलवर मीच टाकून दिला. त्यानंतर जगभरच्या खेळाडूंची जी पंचाईत झाली, तिला थोडाफार मी जबाबदार आहे. कुणाला वाटतं, चुकून बोट लागलं. कुणाला वाटतं, हा आपल्याला खिजवतोय. एका परदेशी माणसाचा चिडका निरोप अण्णांनी माझ्याकडून वाचून घेतला.

"तो विचारतोय, मला कच्चा समजता का?"

"त्याला लिव्ह, कच्चा न्हाई. हळू हायेस."

एकदा समोरचाही असलाच भेटला. यांनी पंधरा दिले, त्यानं पंधरा परत दिले, यांनी पुन्हा दिले. दहा मिनिटांचा डाव, कुकर उतरून वरण निवलं तरी चालूच. शिवी देणाऱ्याला मात्र एक सेकंदही मिळत नाही. "त्याची गाडी गेली," अण्णा म्हणतात आणि निवांत त्याचं घड्याळ संपताना पाहतात.

गल्लीतले गायकवाड सर दर रविवारी येऊन याला हरकत घेतात. सरांनी गणित शिकवलेलं आहे.

"अण्णा, घड्याळ हा डावाचाच भाग आहे. त्यानं विचारात वेळ घालवला, तुम्ही जल्दी खेळलात. त्याची चूक तुम्ही भरून देता. हा न्याय नाही."

"सर, तुम्ही पोरायच्या हातातून पेपर वढणारे. तुमच्याशी न्यायाचं काय बोलू?"

"वेळ संपली की ओढावाच लागतो."

"मंग इथं काय वढायला आले?"

"चहा," सर म्हणतात, आणि बसतात.

रविवार सरांचा, पण रोज संध्याकाळी सातची वेळ एकाच माणसाची. पटावर त्याचं नाव 'काळा घोडा'. खरं नाव अमोल, बदनापूरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. डाव सुरू व्हायच्या आधी तो लिहितो, 'काका, जेवले का?' आणि अण्णा एका बोटानं अक्षरं शोधत उत्तर देतात, 'पिठलं.' सात वाजता मुलीचा नाशिकहून फोन आला तरी अण्णा तिला म्हणतात, "बाई, आठला कर."

मागच्या दिवाळीत मी पुण्याहून गावी आलो होतो. जिल्ह्यातल्या पोरांनी मोबाईलवर स्पर्धा ठेवली होती, आणि अंतिम डावात आले कोण, तर अण्णा आणि काळा घोडा. मी अण्णांच्या डाव्या खांद्याशी, गायकवाड सर उजव्या. अण्णांकडे एक हत्ती जास्त होता. सरांनी बक्षिसाचा कप कुठं ठेवायचा ती जागासुद्धा नजरेनं हेरली होती.

आणि अमोलच्या नावापुढचा, तो खेळात हजर असल्याचा हिरवा ठिपका विझला. चाल त्याची होती. त्याचं घड्याळ पळत सुटलं.

"लाईट गेली असंल तिकडं," असं म्हणत अण्णांचं बोट नेहमीच्या जागी गेलं. तिथं काहीच नव्हतं.

"अण्णा, स्पर्धेत ते बटन नसतं."

"कसं नसतं? लाईट काय स्पर्धा पाहून जाती का?"

"अण्णा, तुम्ही काही केलेलं नाही," सर म्हणाले. "नुसतं बसा. कप तुमचा आहे."

ठिपका पुन्हा हिरवा झाला तेव्हा अमोलकडे जेमतेम एक मिनिट उरलं होतं. त्यानं घाईघाईनं चाल केली. अण्णांकडे सहा मिनिटं होती. अण्णांनी मोबाईल खाटेवर ठेवला आणि हाताची घडी घातली.

"अण्णा, खेळा."

"थांब."

पाच मिनिटं. चार. सर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मी मोबाईलकडे हात नेला तर अण्णांनी माझ्या हातावर चापट मारली. दोन्ही घड्याळं सारखी झाल्यावर त्यांनी मोबाईल उचलला आणि म्हणाले, "आता बराबर."

मग जे शेवटचं मिनिट झालं तसं मी आयुष्यात पाहिलं नाही. घोडा, उंट, शह, परत शह. अण्णांचं जाड बोट काचेवर भाजल्यासारखं उडत होतं. अमोलचा राजा कोपऱ्यात कोंडला. एका चालीत मात. अण्णांनी हत्ती उचलला, आणि हत्ती हवेत असतानाच त्यांचं घड्याळ शून्य झालं.

"घड्याळानं हरलात," सर डोक्याला हात लावून म्हणाले. "तुम्ही, घड्याळानं."

अण्णा मात्र खुशीत होते. त्यांनी 'अभिनंदन' असं शोधून शोधून लिहिलं. उत्तर लगेच आलं. 'काका, तुम्ही मुद्दाम थांबलात. हारलो असतो तर चाललं असतं. दान दिलेला कप मला नको.' आणि ठिपका विझला.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. काळा घोडा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"त्याचं बराबर हाय," अण्णा म्हणाले. "मला वाटलं मी न्याय करून राह्यलो. त्याला इचारलंच न्हाई."

मी म्हणालो, दुसऱ्या कुणाशी खेळा, लाखो माणसं आहेत. ते कुणाशी तरी खेळू लागले. त्या माणसाचं घड्याळ संपत आलं तसं बोट पुन्हा चिन्हावर गेलं. एकदा, दोनदा, कितीदा तरी.

"अण्णा, आत्ताच एवढं झालं. मग परत कशाला देता?"

ते मोबाईलकडेच पाहत राहिले. "तुझी काकू गेल्यापासून घरात दुसरं कोणी बसत न्हाई," ते म्हणाले. "हा बसतो, पण टाईम संपला की निघून जातो. त्याला थांब म्हणायला येवढं एकच बटन हाय."

मग त्यांनी मला चहा ठेवायला पिटाळलं. पुण्याला परतल्यावर मी त्यांना हे पत्र टाकलं.

आदरणीय अण्णा,

साष्टांग नमस्कार. सुखरूप पोचलो. अमोलला मी फोन केलेला नाही. त्याचा राग तुमच्यावर आहे, तेव्हा त्याच्याशी तुम्हीच बोलावं असं मला वाटतं. बदनापूरला जाऊन त्याच्या दुकानात मोबाईलची काच बदलून घ्या, तशीही ती तडकलेली आहे.

आता कामाचं. पूर्वी लोक पोस्टानं बुद्धिबळ खेळत, असं ऐकलं आहे. एका पत्रात एक चाल. आपणही खेळू. काकूंच्या शिलाई मशीनवर लाकडी पट मांडा. माझं पत्र आलं की माझी चाल करा, मग सुचेल तेव्हा तुमची लिहून पाठवा. हा डाव किती वर्षं चालेल याचा हिशेब सरांना रविवारी करू द्या. या डावात घड्याळ नाही, त्यामुळे मी मधेच उठून जाणार नाही. पट आवरू नका.

पांढरे मी घेतले आहेत. राजापुढचं प्यादं दोन घरं.

तुमचा,
कैलास