वाटाण्याएवढी गाठ

"जावळ वेळेत काढ, न्हाईतर मागनं पंचाईत हुईल," असं मुक्ताबाईंनी सुनेला बजावलं होतं. विजयमालेनं ते कानाआड केलं. कोवळ्या टाळूवर वस्तरा फिरवायचा, या नुसत्या विचारानं त्या बी.ए. झालेल्या आईच्या अंगावर काटा यायचा.

पोरगा श्रीमंत दोन वर्षांचा झाला. एकाहत्तर सालच्या माघात त्याच्या जावळाची वेणी घालताना मानेच्या वर तिच्या बोटाला गाठ लागली. वाटाण्याएवढी, खड्यासारखी टणक. मग ती दिवसातून दहादा चाचपायची आणि चाचपून लाल झाली की वाढली म्हणून रडायची. शेवटी श्रीगोंद्याहून पोराला नगरला नेलं.

डॉक्टरांनी गाठ चिमटीत धरून पाहिली. केसाच्या मुळाशी अशी गाठ धरते, आत चुन्यासारखी घट्ट होते, जिवाला धोका नाही, पंधरा मिनिटांत काढू, म्हणाले. फक्त तेवढ्या जागेचे केस भादरून आणा.

इथंच गाडं अडलं. जावळाआधी डोक्याला वस्तरा लागायचा नाही, असं मुक्ताबाईंनी ठणकावलं. जावळ म्हटलं की मामाची मांडी आली. मामा मच्छिंद्र मिरजगावला, ज्वारीच्या काढणीत. तो मोकळा होईपर्यंत थांबायचंच आहे, तर भावकीलाही सांगावा गेला. भावकी आली म्हणजे बोकड आला. चार बोटं जागा भादरायला साठ माणसांची पंगत ठरली, आणि विजयमाला तीन आठवडे गाठीवर बोट ठेवून बसली.

जावळाच्या दिवशी श्रीमंत मामाच्या मांडीवर गप बसला. मामाच्या पाठीमागून वाकून विजयमाला वस्तऱ्यावर नजर ठेवून होती.

"वैनी, जरा उजेड सोडा," बन्सी न्हावी म्हणाला. "मलाबी दिसू द्या."

पण तिची नजर भलतीकडेच खिळली होती.

"दादा, तुझ्या मानेवर हे काय आहे?"

मच्छिंद्रानं सदऱ्याची कॉलर वर ओढली. "काय न्हाई. लहानपनापासनं हाय. तू पोराकडं बघ."

तिनं बोट लावलंच. सुपारीएवढी, तशीच टणक.

दुसऱ्या दिवशी तिनं दोघांनाही नगरला नेलं. श्रीमंत थोडा रडला, मग बिस्कीट खात बसला. डॉक्टरांनी ताटलीत काढलेला पांढरट खडा दाखवला, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

"आता मामा," डॉक्टर म्हणाले.

मामा पाणी पिऊन येतो म्हणून उठला, तो थेट मिरजगावच्या एस.टी.त जाऊन बसला. हल्ली त्याचं पत्र येतं. ज्वारी, बैल, पाऊसपाणी सगळं असतं, मानेबद्दल अक्षर नसतं.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी मिरजगावाकडं गेलं, तर मच्छिंद्राला राम राम घाला, खांद्यावर हात टाका आणि बोलता बोलता कॉलरीखाली बोट घालून बघा. अजून सुपारीएवढीच आहे ना? विजयमालेनं विचारलंय.