बायकोच्या चित्रावर माझी सही

माझ्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर पाच बोटं उमटली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. बोटं माझ्या बायकोची, रत्नमालाची. ती कोळशाच्या कांडीने चित्रं काढायची आणि तो कोळसा कागदावर बोटांनी घासायची. मग त्याच हाताने चहा, त्याच हाताने पंख्याचं बटन, आणि त्या दिवशी त्याच हाताने जेवायला उठवताना माझी पाठ थोपटली. तोच शर्ट घालून मी मंगरूळपीरच्या ऑफिसात गेलो (आवक-जावक लिपिक, एकोणीस वर्षं) आणि तपासणीला आलेल्या साहेबांकडे पाठ करून कपाटातून फाईल काढली. साहेबांनी फाईल राहू दिली, पाठच तपासली.

घरी येऊन मी जाहीर केलं की आजपासून या घरात कोळसा बंद. तिचा भाऊ अमरदीप पुण्याला असतो, त्याने आपला जुना टॅबलेट पाठवून दिला, सोबत काचेवर चालणारं पेन. रत्नमाला आठ दिवस फुगून बसली. कागद कसा खरखरतो, बोटाखाली कोळसा कसा पिठासारखा सरकतो, या काचेत काय ठेवलंय, असं तिचं चाललं होतं. नवव्या दिवशी ती काचेकडे पाहून हसली. माझा संशय तिथून सुरू झाला.

आजवर बायकोने दिवसभर काय केलं हे मला विचारावं लागत नव्हतं. कडीवर काळा ठसा म्हणजे बाहेर जाऊन आली. मोबाईलवर ठसा म्हणजे माहेरी बोलणं झालं. स्टीलच्या डब्यावर ठसा म्हणजे माझ्या वाटणीचे शेंगदाण्याचे लाडू गेले. आता घर लख्ख, आणि मला कशाचाच पत्ता नाही.

त्यातच एक दिवस तिने उजव्या हातात काळा हातमोजा चढवला. मोज्याला बोटं दोनच, करंगळी आणि तिच्या शेजारचं. टीव्हीवरच्या चोरांचे मोजे निदान पाच बोटांचे तरी असतात. विचारलं तर म्हणे, तळहात काचेला लागला की काच चुकते. मी जवळ गेलो की टॅबलेट पालथा. एकदा मात्र फोनवर अमरदीपला हळूच सांगताना ऐकलं, "त्याले लपवून ठेवलं मी. यायले दिसत नाही." हे 'यायले' म्हणजे मी.

एका रविवारी ती अनसिंगला, आपल्या आईकडे गेली. टॅबलेट घरीच. पासवर्ड म्हणजे आमच्या लग्नाची तारीख, हेही मला तिच्या फोनवरच्या बोलण्यातूनच कळलं होतं. (तारीख आठवेना, म्हणून कपाटातून लग्नपत्रिका काढावी लागली.)

उघडला तर आत एक पुरुष. बाजेवर पाठमोरा बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. तोंड दिसत नव्हतं, पण डोक्यावर काळेभोर, दाट केस. माझ्या डोक्यावर काय आहे ते सांगत नाही, काही नाही म्हणूनच सांगत नाही. सतरा वर्षांच्या संसारात तिने माझं एकही चित्र काढलं नव्हतं, आणि या गड्याच्या बनियनची सुरकुतीन् सुरकुती जीव लावून काढलेली. खरं सांगतो, मला रडू आलं. मग राग आला. मी बोटानेच त्याला दोन शिंगं काढली. गाढवाचे कान काढले. बाजूला लिहिलं, 'हा कोण? खुलासा करावा.'

शिंगं टोकदार करता करता कडेच्या डोळ्याच्या खुणेला बोट लागलं आणि त्याचे केस एकदम नाहीसे झाले. (या काचेत चित्राचे एकावर एक थर असतात आणि डोळा दाबला की तो थर लपतो, हे मला नंतर कळलं.) खाली टक्कल. टकलावर डाव्या बाजूला खोक. ही खोक मी सातवीत असताना विहिरीच्या कठड्यावर पडून कमावलेली आहे. शिंगं मला फुटली होती.

डोळ्यावर परत बोट ठेवलं, केस आले. खोडरबराची खूण सापडली, त्या रबराने मी सगळं पुसून टाकलं. चित्र पहिल्यासारखं. कोळशाच्या चित्रात असा हात घातला असता तर चित्रही गेलं असतं आणि हातही काळा. इथे पुरावाच नाही. मी काच रुमालाने पुसली आणि टॅबलेट होता तसा पालथा ठेवला. डिजिटल कला त्या दिवशी मला मनापासून पटली.

पुढे जयंतीच्या चित्रस्पर्धेत, विहाराच्या हॉलमध्ये, तेच चित्र छापून लागलं. नाव 'घरचा माणूस'. परीक्षक रामराव सर, शाळेत जन्मभर जलरंग शिकवून निवृत्त झालेले. ते प्रत्येक चित्रावर बोट फिरवून पाहत होते, वास घेत होते. आमच्या चित्रापाशी थांबले.

"हे बाईनं काढलं का मशीननं? आजकाल नुसतं सांगितलं तरी मशीन काढून देते."

लोक कुजबुजायला लागले. रत्नमालाचं तोंड उतरलं. दोन महिने ती रोज मान मोडून बसली होती. मला तिची फार कीव आली, आणि रामराव सरांचा रागही.

"सर, माह्या हातचं हाय," ती म्हणाली. "पयल्या रेघेपासून सगळं याच्यात आपोआप नोंदवलं जाते. मी बी पाह्यलं नाही अजून. टॅबलेट प्रोजेक्टरले जोडा, लावा भिंतीवर."

भिंतीवर बाज उगवली, शेंगा आल्या, बनियन आलं, टक्कल आलं, केस आले. टाळ्या पडल्या. मग शिंगं आली. टाळ्या थांबल्या. कान आले. 'हा कोण? खुलासा करावा.' आणि त्याखाली, एकोणीस वर्षांच्या सवयीने, माझी छोटी सही आणि दिनांक. ती मी केल्याचं मला आठवतही नव्हतं. पण पहिल्या रांगेत आमचं अख्खं ऑफिस बसलं होतं, आणि त्यांनी ती सही क्षणात ओळखली.

रामराव सरांनी हसून हसून डोळे पुसले. म्हणाले, "मशीनले एवढं सुचत नसते. पयला नंबर."

रत्नमाला बक्षीस घेऊन उतरली तेव्हा तिचेही डोळे ओले होते, पण माझ्याकडे तिने पाहिलं नाही. गाडीवरून घरी जाताना मी माफी मागितली. मग जरा धीर करून म्हटलं, "पन रत्ना, तू मले केस काढले. लग्नातला मी तुले अजून तसाच दिसतो ना?"

चौकात गाडी हळू झाली तेव्हा ती माझ्या कानाशी वाकली.

"टकलावर उजेड लय चमके," ती म्हणाली. "शेंगाइकडे कोनी पाहेच ना. शेजारच्या कमलीबाईच्या बकरीचं चित्र होतं माह्याजवळ, त्यातलेच केस उचलून तुमाले लावले. शेपटीचे थोडे उरले हायेत. मिशीले देऊ का?"