नदीचा धर्मबाप

माणूस परक्यावर फिर्याद करतो आणि नातेवाइकावर नुसता चडफडतो, हे जगातल्या सगळ्या कायद्यांच्या मुळाशी असलेलं सत्य आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. मग कोर्टात दाखवायचं काय? सान गास्पार नगरपालिकेचं मोठेपण असं, की हे सत्य तिने नदीच्या शुद्धीकरणाला लावून दाखवलं. बाकीच्या शहरांनी या कामासाठी यंत्रं आणली, नळ टाकले, परदेशी तज्ज्ञांना जेवू घातलं, आणि नदी होती तशीच राहिली. सान गास्पारने एकही यंत्र न आणता नदीबद्दलच्या तक्रारी शून्यावर आणल्या. नदीबद्दल कोणी तक्रार करत नसेल तर ती स्वच्छच असणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

गार्सास नदी या शहरातून वाहते. (‘वाहते’ हा शब्द नगरपालिकेच्या माहितीपत्रकातला.) तिच्या वरच्या अंगाला डॉन फिलेमोन सार्मिएन्तो यांचा चामडं कमावण्याचा कारखाना आहे. कारखान्यात ज्या रंगाचं कातडं भिजत असेल त्या रंगाची नदी. त्यामुळे पुढच्या हंगामात कुठल्या रंगाचे बूट चालणार, हे सान गास्पारच्या बायकांना राजधानीतल्या दुकानदारांच्या आधी कळतं. ही सोय दुसऱ्या कुठल्या शहरात असल्याचं ऐकिवात नाही.

पूर्वी या नदीबद्दल तक्रारी फार. पण काळ सगळ्यावर औषध आहे. काही तक्रारदार दमले, काही वारले, काहींच्या मुलांना कारखान्यात नोकऱ्या लागल्या. सरतेशेवटी एकच तक्रार उरली. ती डोन्या तोमासा अर्रेओला यांची.

डोन्या तोमासा ही काठावर राहणारी विधवा. सकाळी दारात आतोलेचं पातेलं मांडून बसते. मक्याच्या पिठाची दाट, गोड, वाफाळती आतोले सान गास्पारमध्ये गल्लोगल्ली मिळते, पण तोमासाच्या आतोलेला लोक दोन गल्ल्या ओलांडून येत, आणि त्याचं कारण तिच्या अंगणातल्या विहिरीचं पाणी. मग विहिरीला नदीचा पाझर लागला आणि आतोलेवर हिरवट झाक आली. पहिल्या दिवशी लोकांनी पिस्त्याची समजून प्यायली. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तेव्हापासून ती विकतच्या पाण्याची आतोले करते. जुनी गिऱ्हाइकं एक घोट घेतात, तिच्या तोंडाकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. हे न बोलणं तिला शिव्यांपेक्षा झोंबतं. तिला तिची विहीर परत हवी होती, दुसरं काहीही नको होतं.

म्हणून तिने प्रांताच्या जलखात्यात डॉन फिलेमोनवर फिर्याद लावली. अशा फिर्यादींना तारीख मिळत नाही, हा सर्वांचा अनुभव. पण खात्यात कोणीतरी नवीन माणूस लागला होता (त्याची पुढे बदली झाली), आणि त्याने तारीख दिली. नगराध्यक्ष ओरासियो बान्दा यांनी त्याच आठवड्यात ठराव आणला: गार्सास नदीचा नागरी बाप्तिस्मा.

या ठरावाची खोली कळायची तर एक रीत ठाऊक हवी. बाप्तिस्म्याच्या वेळी लेकराला हातावर धरतो तो त्याचा धर्मबाप. त्या क्षणापासून लेकराचे आईबाप आणि तो एकमेकांचे कोंपाद्रे, बाई असेल तर कोमाद्रे. सख्ख्या भावाशी बांधावरून डोकं फोडून घ्यावं, त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण कोंपाद्रेबद्दल वावगा शब्द काढणाऱ्याच्या मयतालासुद्धा लोक पाय ओढत जातात.

ठरावाची कलमं मननीय आहेत. कलम एक: नदी ही या शहराची लेक आहे. कलम चार: धर्मबाप म्हणून डॉन फिलेमोन सार्मिएन्तो यांची निवड करण्यात येत आहे, कारण नदीला रोज न चुकता काही ना काही देणारे शहरात ते एकटेच आहेत. कलम सहा: आई म्हणून डोन्या तोमासा यांची निवड करण्यात येत आहे, कारण नदीची काळजी दुसरं कोणी करत असल्याचा पुरावा दप्तरात आढळत नाही. कलम नऊ: या सोहळ्याला हजर असणारा, किंवा सोहळ्याची हकीकत शेवटपर्यंत ऐकून हरकत न घेणारा, कोणीही असो, सहधर्मबाप समजला जाईल. (हे कलम गणसंख्या भरावी म्हणून घातलं होतं. ते कोणी वाचलं नाही.)

नगराध्यक्ष स्वतः पातेल्यापाशी आले. त्यांनी आतोलेही मागितली.

“डोन्या तोमासा, अख्ख्या शहराने तुम्हाला आई मानलंय. नाही म्हणू नका.”

“माझी फिर्याद आहे त्यांच्यावर.”

“असू द्या की! फिर्याद फिर्यादीच्या जागी, नातं नात्याच्या जागी.”

शेजारची चाबेला कुंपणावरून ऐकत होती. नगराध्यक्ष वळले तशी ती म्हणाली, “तोमासा, पाणी मुरतंय हं कुठेतरी.”

“माझ्या विहिरीत मुरतंय, बाई,” तोमासा म्हणाली. “पण तूच सांग, धर्मबापाचं काम काय? पोरीला खाऊपिऊ घालणं, नीटनेटकी ठेवणं. इतके दिवस त्याला नदीची लाज नव्हती. आता चारचौघांत हातावर घेऊ दे, मग बघते कशी घाण ठेवतो ते.”

चाबेलाने यावर विचार केला. “आणि नाही ठेवली नीट तर?”

“धर्मबाप आहे तो. इतका निर्लज्ज माणूस अजून जन्मायचाय.”

तोमासाला माणसं कळत होती. फक्त कारखानदार कळत नव्हते.

सोहळा देखणा झाला. पाद्रीबाबांनी नदीला बाप्तिस्मा द्यायचं नाकारलं, म्हणून नगराध्यक्षांनी तो दिला. बाप्तिस्म्याला पाणी लागतं, आणि ते शुद्ध लागतं, म्हणून दुकानातून सीलबंद मोठी बाटली आणून ती नदीत ओतण्यात आली. (त्या दिवशी नदीच्या शुद्धतेत नोंद घेण्याजोगी वाढ झाली, असं अहवाल म्हणतो.) मग रिवाजाप्रमाणे धर्मबापाने पोरांसाठी मूठभर नाणी उधळली. ती नदीत पडली. सान गास्पारच्या इतिहासात धर्मबापाची नाणी उचलायला एकही पोर पुढे आलं नाही, असं पहिल्यांदाच घडलं. वर्तमानपत्राने याला मुलांमध्ये रुजलेली शिस्त म्हटलं.

डॉन फिलेमोन धर्मबाप म्हणून कुठेच कमी पडले नाहीत. लेकीला चांदीचं पदक घातलं, ते पुलाच्या कठड्याला टांगलं आहे. काठाच्या सगळ्या कठड्यांना पांढऱ्या जाळीची झालर लावली. वाढदिवसाला केक कापला, गाणारे बोलावले. पाणी तेवढं राहिलं. म्हणून तोमासा एक दिवस त्यांच्या घरी गेली.

“या या, कोमाद्रे!” ते दारापर्यंत आले. “बसा. आधी जेवायचं, मग बोलायचं.”

पुढ्यात मोले आली. मिरच्या आणि कोकोच्या काळ्या रश्श्यात शिजवलेली कोंबडी, वर तीळ. नको म्हणावं तर घरच्या बाईचा अपमान, खावं तर खाल्ल्या मिठाला जागणं आलं. तोमासाने खाल्ली.

“कोंपाद्रे, पोरीचं पाणी...”

“मी तेच म्हणतो, कोमाद्रे. पोरगी वाढत्या वयाची आहे. या वयात रंग बदलतोच. अजून एक तुकडा घ्या.”

ती तीनदा गेली आणि तीनदा जेवून आली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. तोमासा घरी येऊन विहिरीच्या कठड्यावर बसली आणि स्वतःच्या जिभेला शिव्या देत राहिली. तिला रडूही आलं, पण ते चाबेलाने पाहिलं नाही म्हणून ते धरायचं नाही.

तारखेला ती जलखात्यात उभी राहिली. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला: “सामनेवाल्याशी तुमचं नातं?”

तोमासा खोटं बोलणारी बाई नव्हती. “कोंपाद्रे लागतात.”

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. “मग हा घरगुती मामला झाला, बाई. आमच्याकडे फक्त पाण्याचं चालतं.”

प्रकरण कुटुंब न्यायालयात गेलं. तिथल्या न्यायाधीशबाई कामाला वाघीण. त्यांनी जागेवर येऊन मुलीची पाहणी केली आणि निष्कर्ष काढला, की मुलगी कमालीची अस्वच्छ आहे, तिच्या अंगाला वास येतो, तिच्या केसांत प्लॅस्टिक अडकलेलं आहे. धर्मबापाने पदक घातलं, झालर दिली, वाढदिवस केले. मग आई काय करत होती? मुलीला आंघोळ घालणं हे कुठल्याही समाजात आईचं काम आहे. हयगय केल्याबद्दल डोन्या तोमासा यांना ताकीद देण्यात येत आहे.

कोर्टात हशा झाला नाही. ही गोष्ट मुद्दाम नोंदवायला हवी, कारण सगळ्यांना हे पटलं होतं.

तोमासा उठली. “बाईसाहेब, कबूल. मी वाईट आई आहे. माझ्यानं पोरगी सांभाळवत नाही. आता तुम्हीच सांगा, आई नालायक निघाली तर आपल्यात लेकरू कुणाकडे जातं?”

न्यायाधीशबाईही त्याच शहरात लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. “धर्मबापाकडे,” त्या म्हणाल्या, आणि म्हणाल्या म्हणजे तो हुकूम झाला.

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर काठावरची सगळी घरं डॉन फिलेमोनच्या दारात उभी राहिली, प्रत्येकाच्या हातात एकेक बादली. पाणी त्या दिवशी जांभळं होतं.

“कोंपाद्रे,” तोमासा म्हणाली, “पोरगी आलीय.”

घरात पाहुणे होते. त्यांच्यादेखत धर्मलेकीला दार लावणारा माणूस सान गास्पारमध्ये पुन्हा तोंड दाखवू शकत नाही. डॉन फिलेमोन हसले. लोकांनी पोरगी अंगणातल्या कारंज्यात ओतली, कारंजं भरल्यावर कुंड्यांमध्ये, कुंड्या भरल्यावर फरशीवर. चाबेला म्हणाली, “अय्या, धर्मबापाकडे कशी रमलीय बघा!” पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, तेव्हा हिरवी होती. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी डॉन फिलेमोनची गत झाली. बोगनवेलीची पानं गळाली, जेवणघरात वास मुरला, आणि सौभाग्यवती आपल्या बहिणीकडे निघून गेल्या. ते दिवस तोमासाच्या आयुष्यातले फार सुखाचे होते. कारखान्यात गाळणीचं यंत्र बसवायला किती लागेल, याची चौकशी डॉन फिलेमोनने सुरू केल्याचं खात्रीलायक वृत्त होतं.

तेवढ्यात नगराध्यक्षांना कलम नऊ आठवलं.

धर्मबापाला राजीनामा देता येत नाही, पण सोबत्यांना बंदी नाही. नाहीतरी आपल्याकडे एकट्याच्या खिशाला सोहळा झेपत नाही म्हणून केकचा धर्मबाप वेगळा, पदकाचा वेगळा, बुटांचा वेगळा करतातच. बाप्तिस्म्याला हजर असलेले सगळेच सहधर्मबाप ठरले. वाजंत्री ठरले. वर्तमानपत्रवाला ठरला. सोहळ्याला जेवायला आलेले जलखात्याचे साहेब ठरले. न्यायाधीशबाईही तिथे हजर होत्या, त्या झालरीच्या धर्ममाय ठरल्या. चाबेलाने त्या दिवशी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या, तीही ठरली. आता पोरगी सगळ्यांची, तेव्हा ती सगळ्यांकडे पाळीपाळीने जाणार, प्रत्येकाकडे एक बादली. लोकांनी ती मान राखून पुढच्या दाराने घरात घेतली आणि मागच्या दाराने गटारात ओतली. गटार नदीत जातं. लेक सुखरूप माहेरी पोहोचली.

कारंजं पुन्हा चालू झालं, सौभाग्यवती परतल्या आणि गाळणीच्या यंत्राची चौकशी थांबली. अख्खं शहर एकमेकांचं कोंपाद्रे झाल्यामुळे तक्रारींची संख्या शून्य झाली, आणि स्वच्छ नदीचा प्रांतिक पुरस्कार सान गास्पारला मिळाला. (परीक्षकांना मोले आवडली.)

तोमासा पुन्हा जलखात्यात गेली होती. साहेब या वेळी अगदी घरच्यासारखे बोलले. “कोमाद्रे, फिर्याद घेतो की. कायदा कुठे पळून गेलाय? फक्त अर्जावर एका तरी माणसाची सही हवी, जो या पोरीचा कोणी लागत नाही. आणा एक.”

तिने सगळं शहर पालथं घातलं. शेवटी कुंपणापाशी येऊन चाबेलाला म्हणाली, “लांबच्या कुणाला तरी सांगायला हवं गं. इतक्या लांबच्या, की त्याला आपली भाषासुद्धा येत नसेल. असा एक जरी भेटला तरी माझं काम होईल.” ही हकीकत दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या लिपीत, समुद्रापलीकडच्या अनोळखी वाचकापुढे मांडण्याचं कारण एवढंच आहे.

परंतु कलम नऊ स्पष्ट आहे. आपण ही हकीकत शेवटपर्यंत वाचलीत. मध्ये कुठे हरकत घेतल्याची नोंद नाही. उलट एकदोन ठिकाणी आपण हसल्याचं कळतं. तेव्हा आपलं मनःपूर्वक अभिनंदन, कोंपाद्रे. बसा, जेवून जा. आतोले तेवढी विकतच्या पाण्याची आहे.