रोह्याच्या पुढची गाडी

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी हैबतरावांनी शिट्टी मारली, हिरवा झेंडा दाखवला, आणि गाडी जागची हलली नाही.

गाडी म्हणजे वीतभर लांबीचं इंजिन आणि मागे दोन डबे. शेजारचा मुराद कुवेतला एका कंपनीत क्रेन चालवायचा. त्याच्या जर्मन साहेबाने मायदेशी परत जाताना न उघडलेला खोका त्याच्या हातात ठेवला आणि मुरादने तो सुट्टीवर येताना थेट हैबतरावांसाठी आणला. गाडी डिजिटल होती. रुळांत वीज सतत खेळती ठेवायची, आणि कंट्रोलरवर इंजिनाचा नंबर दाबून हुकूम सोडायचा. इंजिनाच्या पोटात एक चकती होती, ती हुकूम ऐकायची. सोबतचं पुस्तक जर्मन भाषेत होतं, त्यामुळे ते कुणी वाचलं नाही.

हैबतराव रोहा स्टेशनचे मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत रोहा म्हणजे रुळांचा शेवट. गाडी यायची, जरा टेकायची आणि आल्या वाटेने पनवेलकडे परत जायची. तीन वर्षांपूर्वी रोह्याच्या पुढे पहिली गाडी सुटली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला जेमतेम दीड महिना झाला होता. झेंडा दुसऱ्याच्या हातात होता आणि हैबतराव बघ्यांच्या गर्दीत कुणाच्या तरी छत्रीआड उभे होते. ही सल त्यांच्या मनातून काही जात नव्हती.

म्हणून यंदाची आरास त्यांनी स्वतः मांडली होती. बाप्पाच्या उजव्या हाताला पुठ्ठ्याचं रोहा स्टेशन, त्याच्या पुढे पेणच्या एका मूर्तिकाराकडून करून आणलेला कागदाच्या लगद्याचा बोगदा. तो उंदराच्या उरलेल्या रंगात रंगवलेला होता. उद्या पाच वाजता आरास स्पर्धेचे परीक्षक येणार होते, पण बक्षिसाचं हैबतरावांना फारसं अप्रूप नव्हतं. रोह्याच्या पुढे एक गाडी आपल्या हाताने सोडायची, एवढंच त्यांना हवं होतं.

मेहुणा हिरामण डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे वायरमन होता. त्याने रुळांना गंज चढल्याचं निदान केलं आणि खोबरेल तेल चोळलं. मग तेलामुळे वीज पोचत नसेल अशी शंका निघाली. तेल पुसायला रॉकेल आलं, रॉकेलचा वास जावा म्हणून हैबतरावांच्या बायकोने, ठमाबाईंनी धूप जाळला, आणि दुपारपर्यंत रोहा स्टेशन धुराने दिसेनासं झालं. इंजिन मात्र थंडच होतं. शेवटी हैबतरावांनी ते टॉवेलात गुंडाळून पेणला जगनकडे न्यायचं ठरवलं. जगन टीव्ही दुरुस्त करायचा.

हैबतराव, हिरामण आणि मुराद निघाले तेव्हा ठमाबाईंनी दारात अडवून एक दगड पुढे केला.

"तिघं जाताव ना? मग ह्यो चौथा धरा."

या घरात तिसरी भाकरीसुद्धा मोडून दोन अर्धकं करून वाढली जायची. हैबतराव अशा गोष्टी मानत नसत, तसं ते चारचौघांत सांगतही असत. त्यांनी दगड खिशात टाकला. जन्मात कधी विनातिकीट प्रवास न केलेल्या या माणसाने त्या चौथ्याचं तिकीट तेवढं काढलं नाही.

जगनने मीटर लावला, झाकण उघडलं, भिंगातून बराच वेळ बघितलं. मोटर ठीक, वीज ठीक. इंजिनाच्या अंगावर २१२ लिहिलं होतं, तोच नंबर तुम्ही दाबताय ना, असं त्याने विचारलं.

"मग दुसरा कुठला दाबणार?" हैबतराव म्हणाले. "इंजिनावर लिवलेला नंबर तोच इंजिनाचा नंबर. रेल्वेचा नियम हाय."

"मास्तर, ह्यो रंगाचा नंबर झाला. आतल्या चकतीला कारखान्यानं निराळा दिला असंल. फोनसारखं हाय बघा, राँग नंबर लावला तर बिचारा उचलंल कसा?" पुस्तकातले आकडे तेवढे जगनला वाचता आले. एकपासून नव्याण्णवपर्यंत काहीही असू शकतं, एकेक दाबून बघा, असं सांगून त्याने इंजिन परत टॉवेलात गुंडाळून दिलं.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला, जेवणं झाली, आणि मुराद संध्याकाळच्या आरतीसाठी बांधावर दूर्वा खुडायला गेला. लहानपणापासून या घरच्या दूर्वा तोच आणायचा. हैबतरावांनी जुनी टोपी चढवली आणि रजिस्टरात रकाने आखले: क्रमांक, वेळ, उशीर, शेरा. हिरामण कंट्रोलर घेऊन बसला. एक दाबला, शिट्टी, झेंडा. ठप्प. दोन. ठप्प. चार. ठप्प. प्रत्येक नंबराला रीतसर शिट्टी होत होती. पन्नाशीच्या सुमाराला शेजारी येऊन चौकशी करून गेले. नव्याण्णव झाले तेव्हा साडेचार वाजले होते, आणि हैबतरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"जाऊ दे," ते हळूच म्हणाले. "आमच्या हातानं ती पुढं जायचीच नाय."

मुराद दूर्वा ठमाबाईंच्या सुपात ठेवून रजिस्टर चाळत बसला.

"काका, दोनच्या पुढं चार कसा?"

हैबतरावांनी हिरामणकडे बघितलं, हिरामणने पंख्याकडे.

"तीन तिघाडा, काम बिघाडा," हिरामण म्हणाला. "बाप्पाच्या पुढ्यात कशाला दाबायचा? आनी भावोजींनी त्याची ओळ तरी कुठं आखली व्हती?"

हे खरं होतं. ठमाबाईंनी दूर्वा निवडता निवडताच निकाल दिला. या घरात, या देवापुढे तीनाचा आकडा नको. हवं तर विसर्जनानंतर मुरादच्या ओटीवर दाबून बघा. पाचाला परीक्षक येतील तेव्हा गाडी उभी दिसली तर दिसू दे, उभ्याही गाड्या असतात.

मुराद सुपाकडे बघत होता. ठमाबाईंनी एक दूर्वा उचलली, निरखली आणि बाजूला टाकली.

"ती का टाकली काकी?"

"दोन पानांची हाय रे. बाप्पाला तीन पानांचीच..." आणि त्यांचा हात सुपावरच थांबला.

मग ठमाबाई उठल्या, पदराला हात पुसला आणि भावाच्या हातून कंट्रोलर घेतला.

"टोपी घाला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

हैबतरावांनी टोपी घातली. शिट्टी मारली, ती थोडी कापरी आली. झेंडा हलला, ठमाबाईंनी डोळे मिटून बटण दाबलं, आणि इंजिनाचा दिवा लागला. गाडीने एक झटका घेतला, पुठ्ठ्याचं रोहा स्टेशन सोडलं आणि उंदराच्या रंगाच्या बोगद्यात शिरली.

रूळ गोल मांडलेले होते, त्यामुळे ती बाप्पाच्या मागून फिरून परत रोह्यालाच आली. पण तेवढं हैबतरावांनी बघितलं नाही. ते डोळे पुसत होते.

दारात परीक्षकांच्या चपला वाजल्या तरी त्यांनी आधी रजिस्टर ओढलं. दोन आणि चारच्या मधल्या फटीत बारीक अक्षरात क्रमांक घातला, २ अ. शेऱ्यात लिहिलं, 'रोहा सोडले.' उशिराच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. ठमाबाईंकडे एकदा बघून त्यांनी लिहिलं, 'दोन वर्षे बारा महिने.'