ठकीला थंडी वाजते

गोधडी पेटली होती, घरात काळा धूर कोंडला होता आणि आमचा तात्या दाराशी उभा राहून ओरडत होता, "ठकी! अगं ठकी!"

ठकी म्हणजे बॅटरी. बायकोचं नाव सुमन, आणि ती आतल्या खोलीत दुपारची झोपली होती.

मी शेजारच्या रानातून पळत आले. "मुडद्या, सुमन कुठं हाय?"

तेव्हा त्याला बायको आठवली. तोंडाला उपरणं लावून आत घुसला.

तात्या माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन पळसदेवला आले तेव्हा त्याला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती, म्हणून अजून अरेतुरे. भाजीतलं तण काढायला त्याच्याकडं इंजिनाचं छोटं मशीन आहे. बाकीचे लोक दोरी हिसकून असलं मशीन सुरू करतात. यानं इंदापूरहून बटणाचं आणलं. लिथियमची विटेएवढी बॅटरी, बटण दाबलं की भुर्रर्र. येईल त्याला ओट्यावर बसवून सांगायचा, "दोरी वडायचं दिस गेलं. आता निस्तं बोट लावायचं!"

मी म्हणायची, "आळशाला बोट तरी कशाला पायजे? फुंकर घाल."

हिवाळ्यात धरणावरून गार वारा सुटला की मशीन सकाळी कुरकुर करायचं. थंडीत बॅटरी जरा मंदावते, असं दुकानदार बोलून गेला. झालं! यानं ठकीला आपली कानटोपी घातली. रात्री गोधडीत निजवू लागला. सुमन चादरीत कुडकुडायची. मला म्हणाली, "आक्का, ह्यापरीस सवत बरी. भाकरी तरी थापल."

त्या दुपारी चार्जिंगला लावली, तीही गोधडीत गुंडाळूनच. आतल्या आत तापली, फुगली आणि पेटली.

तात्यानं सुमनला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. मी दाताळ्यानं पेटती गोधडी अंगणात ओढली आणि फावड्यानं माती लोटत राहिले. तात्याच्या भुवया गेल्या होत्या. सोललेल्या बटाट्यासारखा दिसत होता.

मी तोंड सोडलं. "दोरी वडाया हात झिजत हुतं का रं तुजं?"

"माजं न्हाय, वैनी." तो मातीकडं बघत होता. "हिचा खांदा वर जात न्हाय. दोरी वडता येत न्हाय हिला. मी हाय तवर ठीक. उद्या मी नसलो, तर मशीन चालू करा म्हणून ही कुणाच्या दारात जाईल?"

सुमन खोकत होती, ती थांबली. "म्हणून मला रोज बटण दाबाया लावत हुता व्हय? मला वाटलं, खूळ लागलंय."

"त्ये बी हाय," तात्या म्हणाला.

ठकी गेली. सुमन वाचली, तात्या वाचला, मी वाचले.